ताकद वाढवा, पण हिशेबाने

1972 सालच्या शेवरले शेव्हेलच्या बोनेटखाली 350 घनइंचांचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन असलं, तरी कागदावर त्याची ताकद भरते अवघी 165 हॉर्सपॉवर. आजच्या चार सिलिंडरच्या टोयोटा कॅमरीतही याहून जास्त ताकद असते. मसल कार म्हणून हौसेने घेतलेल्या गाडीचा हा आकडा अमेरिकेतल्या मालकाला झोंबतो आणि तो थेट नवं इंजिन शोधायला निघतो. इथेच पैशाची नासाडी सुरू होते.

1970 मध्ये याच इंजिनाचा आकडा 250 होता. पुढच्या वर्षी शेवरलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. 1972 पासून तर मोजण्याची रीतच बदलली. आधी उघडं इंजिन स्टँडवर ठेवून मोजत. आता एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर असा सगळा संसार जोडून मोजू लागले. म्हणजे त्या 85 हॉर्सपॉवरमधली बरीचशी घट कागदावरचीच होती.

म्हणून खर्चाआधी तपासणी हवी. आठही स्पार्क प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर फिरवून एकेका सिलिंडरचा दाब गेजवर घ्यायचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीहून खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा बघायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. एका दुपारचं हे काम पुढचे हजारो डॉलर वाचवू शकतं.

इंजिन निरोगी निघालं तर स्वस्तातला उत्तम उपाय म्हणजे सिलिंडर हेड बदलणं. 1996 पासून शेवरलेच्या ट्रकमधल्या 350 इंजिनांना आलेली व्होर्टेक हेड जुन्या ब्लॉकवर बसतात. त्यांचं चेंबर साधारण 64 घनसेंटिमीटरचं, 1972 च्या हेडचं सुमारे 76. जागा कमी झाल्यामुळे कॉम्प्रेशन वाढतं आणि सुधारलेल्या वाटांमुळे हवा मोकळी आत येते. मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टची ठेवण वेगळी असल्याने तोही नवा घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरलेला बरा.

दुसरा, सध्या फार बोलबाला असलेला मार्ग म्हणजे शेवरलेच्याच भंगारातल्या सिल्व्हराडो ट्रकचं किंवा टाहो एसयूव्हीचं 5.3 लिटर इंजिन. 1999 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या या इंजिनांची ताकद 270 ते 295, तीही नव्या मोजणीने. शिवाय त्यांतल्या बहुतेकांचा लोखंडी ब्लॉक दणकट. पण इंजिन स्वस्त मिळालं म्हणून काम स्वस्तात होत नाही. जुन्या यांत्रिक पंपाचा दाब पाच-सहा पौंड. या फ्युएल इंजेक्शनला 58 पौंड लागतो. म्हणजे पंप आणि इंधनाच्या नळ्या नव्या. वायरिंग आणि कॉम्प्युटर, इंजिन माउंट, ट्रकचं खोल ऑइल पॅन बदलणं, एक्झॉस्ट, गिअरबॉक्स ही यादी इंजिनाच्या किमतीला सहज मागे टाकते. अर्धवट राहिलेली, गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली गाडी हे बहुतेकदा याच यादीकडे केलेल्या दुर्लक्षाचं फळ असतं.

म्हणून 350 शाबूत असेल तर तेच ठेवावं. 5.3 चा विचार ब्लॉक निकामी झाला असेल किंवा गाडी रोज लांब पल्ल्यावर न्यायची असेल तेव्हाच करावा, आणि तोही सगळे सुटे भाग कागदावर मांडून, बेरीज करून.

ताकद वाढली की गाडी थांबवण्याचीही आणि इंजिन थंड ठेवण्याचीही सोय करावी लागते. त्या काळच्या अनेक शेव्हेलना चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळत. अशी गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी पहिली पावती पुढच्या डिस्क ब्रेकची फाडावी, दुसरी चांगल्या रेडिएटरची. इंजिनाचा नंबर त्यानंतर.