आइस्क्रीम सोडा, आपल्याच घरी

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पालकसभेच्या वेळी एका मुलीच्या अम्मीने आम्हाला विचारले, "टीचर, तुमच्या लेकीचा घसा आता बरा आहे ना?" आम्ही "हो, बरा आहे" म्हणून वेळ मारून नेली. घसा दुखल्याचे आम्हाला ठाऊकच नव्हते!

घरी येऊन हळूच विचारले. मुलगी नववीत. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्याजणी एका कॅफेत गेल्या होत्या. फ्लोटचा एक ग्लास १८० रुपयांना, आणि जिने तिने आपले पैसे द्यायचे. हिच्याजवळ १०० होते. घसा दुखतोय म्हणून ती पाणी पीत बसली. तेव्हा तिच्या अब्बूंचे दुकान दोन महिने बंद होते, म्हणून तिने आमच्याकडे मागितलेही नाही. "मला नकोच होता तो," एवढे बोलून तिने वही उघडली.

रागवण्यासारखे काही नव्हते. शाबासकी द्यावी असेही वाटेना. तंगी येते आणि जाते, पण लेकराने ती एकट्याने गिळावी हे आम्हाला खटकले. सकाळी म्हटले, "ईद झाली की मैत्रिणींना घरी बोलाव. फ्लोट आपण करू."

फ्लोट म्हणजे तरंगणारा. थंडगार सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा तरंगतो, म्हणून हे नाव. याची एक गोष्ट सांगतात. १८७४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचा पन्नासावा वर्धापनदिन होता. तिथे रॉबर्ट ग्रीन नावाचे गृहस्थ सोडा, सरबत आणि मलई एकत्र करून विकत होते. मलई संपली, तेव्हा त्यांनी आइस्क्रीम घातले आणि लोकांना तेच जास्त आवडले. म्हणजे हा पदार्थ मुळात अडचणीतूनच निघालेला! आपल्याकडच्या गोटीच्या सोड्याची बाटलीही त्याच काळातली. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी तिचे पेटंट १८७२ साली घेतले.

आमचा पहिला प्रयत्न फसला. सोडा नुकताच दुकानातून आणलेला, कोमट. ग्लासात आधी आइस्क्रीम घातले आणि वरून भसकन सोडा ओतला. उर्दूत झाग म्हणा की मराठीत फेस, सगळा दस्तरख्वानावर! दुसऱ्यांदा लिंबाचे सरबत घातले, तर आंबटपणाने दूध फाटून कण दिसू लागले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "दुल्हन, पनीर करायचे होते का?"

मग कारण शोधले. सोड्यात वायू दाबून विरघळवलेला असतो. पाणी थंड असेल तर तो धरून राहतो, कोमट असेल तर पटकन सुटतो. आइस्क्रीमचा पृष्ठभाग खडबडीत आणि त्यात हवाही असते, म्हणून तिथे बुडबुडे भराभर जमतात. दुधातली प्रथिने ते बुडबुडे लवकर फुटू देत नाहीत. म्हणून साध्या सोड्याचा फेस क्षणात बसतो, फ्लोटचा मात्र मलईसारखा टिकतो.

आता कृती. सहा ग्लासांसाठी साध्या सोड्याच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा ७०० मिलीचा एक डबा पुरतो. बाटल्या फ्रिजमध्ये चार-पाच तास आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, उघडण्याआधी हलवू नका. ग्लास मोठे, ३०० मिलीचे घ्या आणि पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये गार करा. तळाशी दोन मोठे चमचे गुलाबाचे सरबत घालून थोड्या सोड्यात ढवळा. मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा ओता; निम्म्याच्या थोडे वर आला की थांबा. चमचा गरम पाण्यात बुडवून आइस्क्रीमचे दोन गोळे काढा आणि अलगद सोडा. फेस खाली बसला की वरून थोडासा सोडा. ग्लासाखाली बशी हवीच.

गुलाबाऐवजी आल्याचा पाकही छान लागतो. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी आणि ५० ग्रॅम ठेचलेले आले दहा मिनिटे मंद आचेवर उकळून गाळा. पाक पूर्ण गार झाल्यावरच वापरा. हौस असेल तर वीस मिनिटे भिजवलेला चमचाभर सब्जा घाला, फालुद्याची आठवण येईल.

डबा घेताना लेबल वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिले असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते. हिरव्या ठिपक्याच्या मालात जिलेटिन नसते. मात्र हिरवा ठिपका अल्कोहोलबद्दल काही सांगत नाही, म्हणून घरी आइस्क्रीम करणाऱ्यांनी व्हॅनिला इसेन्सची बाटली वेगळी तपासावी.

ईदनंतरच्या इतवारी पाच मैत्रिणी आल्या. आमची मुलगी सहावी. सगळा खर्च अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या आत बसला. ओतण्याचे काम मुलीने कुणालाच करू दिले नाही. सासूबाईंना साखरेचा आजार, म्हणून त्यांच्यासाठी उरलेल्या सोड्यात लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातले. त्यांनीही मुलींसारखाच लांब चमचा मागून घेतला.

एक मैत्रीण ग्लास हातात धरून थांबली. घरी लहान भाऊ आहे, त्याच्यासाठी थोडा नेता येईल का, म्हणाली. फ्लोट नेता येत नाही. घरी पोहोचेपर्यंत त्याचे गोड दूध होते. आमची लेक उठली, आल्याच्या पाकाची बाटली आणून तिच्या हातात दिली आणि कृती सांगू लागली, "सोडा आधी गार कर हं, नाहीतर सगळा सांडेल."

त्या रात्री ग्लास विसळताना ती आपणहून म्हणाली, "अम्मी, त्या दिवशी माझा घसा दुखत नव्हता." आम्ही म्हणालो, "ठाऊक आहे, बेटा. पुढच्या वेळी आधी आम्हाला सांग."

भगिनींनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा हा बेत करा. आणि मुले "मला नकोच होते" म्हणाली, तर एकदा पुन्हा विचारा.