पाहुण्याला रोजचंच वाढा

गेल्या ऑक्टोबरात जळगावची माझी मावसबहीण आणि तिचे यजमान आमच्याकडे आले होते. कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गाडीनं निघालो. आय-७० धरायचा आणि ६०० मैल नाकासमोर जायचं. नऊ तासांत एक वळण आठवणीत राहत नाही. सलायना मागे पडल्यावर बहीण एकदम म्हणाली, "ताई, अगं ही ज्वारी!"

ज्वारीच होती. कमरेएवढीच उंच, कणसं तांबडी. अमेरिकेत सगळ्यांत जास्त ज्वारी आपल्या कॅन्ससमध्ये पिकते आणि तिच्यातली बहुतेक जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलच्या कारखान्यात नाहीतर बोटीत भरून परदेशी जाते. माणसाच्या ताटात फारशी येत नाही. यजमानांनी गाडी थांबवायला लावली, एक कणीस निरखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एवढ्याशा ताटाचा कडबा किती निघणार?" शेतकऱ्याचा प्रश्न. या रस्त्यानं मी वीस वर्षं ये-जा करते. मला कधी सुचला नव्हता.

तिथेच जेवायला बसलो. मी दुकानातून सँडविचं आणि ढोकळा घेतला होता. बहिणीनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या दशम्या काढल्या. पहाटे पाचला उठून माझ्याच स्वयंपाकघरात केलेल्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची. दशमी मऊ राहते, प्रवासात टिकते आणि जुन्या सोवळ्याच्या हिशेबात ओवळीही होत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी. सँडविचं डेन्व्हरपर्यंत तशीच गेली.

खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे आणि ती माझ्या फजितीची आहे. ती दोघं उतरल्यापासून चार दिवस मी त्यांना पनीर, छोले, मसालेभात, श्रीखंड, बासुंदी असं चढत्या क्रमानं जेवू घालत होते. पाचव्या दिवशी बहीण ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुझ्याकडे पीठ दिसतंय. आज नुसती भाकरी आणि ठेचा करू या का?" त्या चार दिवसांत आम्ही नवरा-बायको मात्र दुपारी उभ्याउभ्या आदल्या दिवशीचा वरण-भात खात होतो, पाहुण्यांची नजर चुकवून!

तर माझं म्हणणं असं, की आपण परदेशातली मराठी माणसं चुकीचं जेवण लपवतो. सणाचं दाखवतो, रोजचं झाकतो. आलेल्याला बहुधा ते झाकलेलंच हवं असतं, आणि आपल्या मुलांना तर ते दिसतच नाही.

आपल्या इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम आठवा. गणपती, दिवाळी, संक्रांत. केटरर तोच आणि ताटही तेच. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, गोड काहीतरी. त्याला मी नावं ठेवत नाही, दोनशे पानं उठवणं सोपं नाही. पण या ताटाला गाव नसतं. गाव असतं ते रोजच्यात. माझ्या माहेरी पिठलं म्हणजे बेसनाचं, लसणीचा मारा केलेलं. सासरी कोकणात ते कुळथाचं, पातळ, भातावर ओतायचं. लग्नानंतर पहिलं वर्ष आम्ही एकमेकांच्या पिठल्याला पिठलं मानत नव्हतो. वऱ्हाडातली उकडपेंडी पुण्याच्या माणसाला सांगावी लागते, पुण्याच्या चकोल्या गोव्याच्या माणसाला. गोव्यात तर रोजची शीत-कडी सोडून पर्यटक बाकी सगळं खाऊन परततो. इथे वाढलेल्या मुलांना पुरणपोळी आणि मोदक माहीत आहेत, त्यांची चित्रं आपण मंडळाच्या अंकातही छापतो. शेंगोळे विचारा.

रोजच्या जेवणाला जपावं लागत नाही असं आपण धरून चालतो. वर्षातून एकदा होणारी गोष्ट आठवणीनं होते. रोजची गोष्ट मात्र एक दिवस पास्त्याला जागा देते, मग दुसरा, आणि कुणाला कळतही नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. आपल्या मंडळात तेव्हा ज्वारीच्या पिठाच्या ब्राउनीची स्पर्धा झाली. भाकरी कुणी थापली नाही.

यावर मैत्रिणी दोन आक्षेप घेतात. पहिला, पाहुण्याला पिठलं वाढलं तर त्याला अपमान वाटेल. काहींना वाटेलही, नव्या व्याह्यांवर हा प्रयोग करा असं मी म्हणणार नाही. पण महिनाभर फिरायला आलेल्या माणसाला सलग चार दिवस श्रीखंड वाढणं हाही एक छळच आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घरचं जेवण, घरचं जेवण म्हणून गहिवरायचं, आणि ओट्याशी उभं कुणी राहायचं? बाईनंच. हे कबूल. मात्र मला त्यातून उलटंच दिसतं. कंबर मोडते ती पाहुण्यांसाठीच्या पाच पदार्थांनी. पिठलं पंधरा मिनिटांत होतं, आणि स्वयंपाक शिकणाऱ्या नवऱ्याला सुरुवात करायला त्याच्यासारखा पदार्थ नाही. गुठळ्या झाल्या तरी खाता येतो. आमच्याकडे झाल्या, खाल्ल्या.

फिरायला जातानाही हेच. मेक्सिकोत वाहाका शहरात एका सहकाऱ्याच्या आईकडे दुपारी जेवलो. काळ्या घेवड्याची पातळ उसळ, वाटलेली मिरची आणि तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या मक्याच्या तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळला की त्या पिठाची पोळी मोडत नाही, हे मी तिथे ओट्याशी उभी राहून शिकले. आपण ज्वारीच्या पिठावर आधणाचं पाणी घालतो, ते त्याच अडचणीवरचं आपलं उत्तर. युनेस्कोनं २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही मका, घेवडा, मिरची आणि ही चुन्याची रीत आहे. म्हणजे त्या सहकाऱ्याच्या आईचं मंगळवारचं जेवण! हॉटेलात ते मला कुणी शिकवलं नसतं.

म्हणून मंडळाला एक सुचवते. हॉलच्या नियमांमुळे तिथे घरचं शिजवून नेता येत नाही, तेव्हा हॉलचा नाद सोडू. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात दिवस सात घरं. त्यात मिंधेपणा होता, जातीपातीची पंगत होती, कुठे शिळंही वाढलं जाई. ते सगळं वगळून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: त्या घरी त्या दिवशी जे शिजेल तेच ताटात. महिन्यातून एका शनिवारी ज्याला जमेल त्यानं दोन पानं जास्त मांडावीत. नवीन आलेला विद्यार्थी, कुणाचे भारतातून आलेले आईवडील, शेजारची अमेरिकन जोडी, कुणीही. अट एकच, त्या दिवसासाठी वेगळं काही करायचं नाही. फोडणीची पोळी असेल तर फोडणीची पोळी.

आमच्या घरापासून सुरुवात केली आहे. बहिणीनं जाण्याआधी भरीत शिकवलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवं-पांढरं वांगं आणि ज्यावर ते भाजायचं त्या कपाशीच्या काड्या, दोन्ही इथे नाहीत. दुकानातलं जांभळं वांगं ओव्हनमध्ये भाजलं, धुराचा अलार्म वाजला, शेजारचे आजोबा काय झालं म्हणून बघायला आले. त्यांना बसवलं. भरीत त्यांना बेताचंच आवडलं. बाजूला आदल्या रात्रीच्या पिठल्याची कढई होती, तिच्या तळाची खरवड मात्र त्यांनी चमच्यानं खरवडून संपवली. ती माझ्या नवऱ्यानं स्वतःसाठी राखून ठेवली होती.