जन्माने शिंपी कोण?

मागल्या पावसाळ्यात मूल तालुक्यातील एका गावी विहारात मुलांचा रविवारचा वर्ग होता. त्रिशरण-पंचशील आटोपले आणि एक मुलगी माझा हात धरून मला मागच्या वाडीत घेऊन गेली. वांग्याची दोन पाने काठाला काठ लावून शिवलेली होती. आत कापसाच्या गादीवर तीन इवलीशी अंडी. मी म्हटले, "हे शिंपी पक्ष्याचे घरटे." तिने लगेच विचारले, "काका, पाखरांतही जात असते का?"

प्रश्न लहान मुलीचा, पण उडवून लावण्यासारखा नव्हता.

शिंपी जेमतेम १३ सेंटिमीटर लांब, वजन ६ ते १० ग्रॅम. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी बहुधा उभी. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो रानाच्या काठाला आहे, तसाच शहरातील अंगणातही आहे. देह चिमुकला, पण 'टुविट टुविट' हा आवाज खणखणीत. किडे, अळ्या, भुंगेरे हे त्याचे अन्न. म्हणजे आपल्या वाडीचा तो बिनपगारी राखणदारच. शिवणकाम बहुतेक मादीचे. ती चोचीने पानाच्या काठाला बारीक भोके पाडते आणि कापूस, झाडाचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यांतून ओवते. गाठ मारीत नाही. धाग्याचे टोक बाहेर पिंजून फुगते आणि तेथेच अडकून बसते. भोके इतकी लहान की पान वाळत नाही. हिरव्या पानाआड घरटे लपून राहते.

आता नावाचे पाहू. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १७६९ साली थॉमस पेनंट यांनी केले. त्याच्या शास्त्रीय नावात 'सुटोरियस' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ चांभाराचा, म्हणजे चामडे शिवणाऱ्याचा. मराठीत तोच पक्षी शिंपी झाला. पक्षी एक, टाका एक. पण आपल्या गावगाड्यात या दोन नावांमध्ये केवढी भिंत उभी केली गेली! वास्तविक शिंपी हा शब्द 'शिल्पी', प्राकृतातील 'सिप्पी' यावरून आला. त्याचा मूळ अर्थ नुसता कारागीर.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच प्रश्न सोडविला आहे. गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्यात जन्मानेच वेगवेगळ्या जाती दिसतात. माणसांच्या देहावर मात्र तशी कोणतीही खूण नसते. माणूस कारागीर होतो तो कर्माने, असे त्यांनी सांगितले.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले, "बाळ, जन्माने शिंपी फक्त हा पक्षी. त्याला शिवणे कोणी शिकविले नाही आणि ते त्याला सोडताही येत नाही. माणूस शिकतो, नवे काम धरतो, जुने टाकतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा तुझ्या आजोबांच्या पिढीने जन्माने चिकटविलेली ओळख टाकून दिली. पाखराला ते जमणार नाही."

मातापित्यांनो, पावसाळ्यात मुलांना असे घरटे दुरूनच दाखवा. पान उलटू नका, अंड्यांना हात लावू नका. आणि मुलांनी जातीबद्दल विचारले, तर त्यांना गप्प करू नका.

जयभीम!