उशीर कुणी केला?

साठीनंतर कुणाची पहिली कादंबरी आली की ‘वय म्हणजे निव्वळ आकडा’ हा मेसेज फिरायला लागतो. मला त्याची चीड येते.

बेरिल गिलरॉय यांचंच बघा. जन्म १९२४, ब्रिटिश गयाना. प्रशिक्षित शिक्षिका म्हणून लंडनला गेल्या, तर काळ्या बाईला शाळा नोकरी देईनात. कारखान्यात राबल्या, भांडी घासली. पुढे त्याच शहरात मुख्याध्यापिका झाल्या. ते पद सोडल्यावर, १९८६मध्ये पहिली कादंबरी आली : ‘फ्रँजिपानी हाऊस’. परदेशी गेलेल्या मुलींनी वृद्धाश्रमात ठेवलेली आणि तिथून पळणारी म्हातारी. (जरूर वाचा, आपल्याकडच्या कितीतरी घरांची गोष्ट आहे ती.)

झालं, प्रेरणादायी स्टोरी तयार!

पण ‘इन प्रेझ ऑफ लव्ह अँड चिल्ड्रन’ ही कादंबरी त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीसच लिहिली होती, पस्तिशीच्या आसपास. प्रकाशकांनी नाकारली. त्याच लंडनमध्ये तेव्हा लॅमिंग, सेल्वन, नायपॉल छापले जात होते. म्हणजे कॅरिबियन लेखक चालत होते, बाई चालत नव्हती. हिला ‘उशिरा फुललेली’ म्हणणं हा त्या प्रकाशकांना दिलेला माफीनामा आहे.

ती कादंबरी छापून आली १९९६मध्ये. तोवर गिलरॉय यांनी सत्तरी ओलांडली होती.