‘गहाळ’ नव्हे, हिसकावला

मागच्या रमजानमध्ये तरावीहहून परतताना माझ्या मामेभावाच्या हातातला मोबाईल दोघांनी दुचाकीवरून हिसकावून नेला. ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, “गहाळ झाला म्हणून अर्ज द्या, सिम लगेच मिळेल.” भावाला सिम हवे होते; सही करून मोकळा झाला. कागदोपत्री त्या रात्री आमच्या गल्लीत गुन्हा घडलाच नाही.

कायदा-सुव्यवस्था सुधारायची म्हटले की चर्चा गाड्या, कॅमेरे आणि भरतीवर जाते. तेही हवेच. पण सुरुवात ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून व्हावी. जो गुन्हा नोंदलाच नाही त्याचा तपास होत नाही, आणि जिथे गुन्हेच नाहीत तिथे गस्त कोण वाढवणार?

तो अंमलदार काही वाईट माणूस नव्हता, चहाही विचारला. पण गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरून जाब येतो. म्हणून आकडा कमी ठेवणाऱ्या ठाण्याला शाबासकी देणे सरकारने आधी थांबवावे.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते, प्रतही मोफत. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे, नंतर न्यायदंडाधिकारी.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रकाश सिंह निकालाने 2006 मध्ये जिल्हा पातळीवर प्राधिकरण सांगितले होते. महाराष्ट्राने 2014 च्या कायद्यात जिल्ह्याऐवजी विभाग धरला. जिंतूरच्या हमालाने रोज बुडवून तिथवर कसे जायचे? जिल्ह्यात प्राधिकरण ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आपले लोक ठाण्याची पायरी चढायला कचरतात, याला कारणे आहेत. मुंबई दंगलीतल्या पोलिसांच्या पक्षपाताची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली, तो अहवाल 1998 चा. पण आपण घरी बसल्याने फावते ते मोबाईल चोराचे. (व्हिडिओ फॉरवर्ड करणे म्हणजे तक्रार नव्हे, हेही एकदा बोलूया.)

भावाने दुसरा अर्ज दिला आहे, ‘हिसकावला’ असे स्पष्ट लिहून. शिक्क्यासह पोच घेतली. आठवड्यात काही हालले नाही तर अधीक्षक कार्यालयात जाणार आहोत.