शेवटच्या फेरीतले मन

भोकरहून हिमायतनगरकडे जाणाऱ्या रस्त्याने पहाटे प्रवास करणाऱ्यास कडेने धावणारी मुले दिसतात. मागून येणाऱ्या वाहनाच्या उजेडात क्षणभर चेहरे दिसतात आणि पुन्हा अंधारात जातात. अलीकडे त्यांत मुलीही असतात. कोणी सैन्यभरतीच्या, कोणी पोलीसभरतीच्या तयारीत. पोलीसभरतीत मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर अंतर धावावे लागते आणि त्या एका धावेला वीस गुण असतात. कोरडवाहू जमिनीवर सोयाबीन-कापूस घेणाऱ्या घराचे पुढील तीस वर्षांचे भवितव्य त्या पाच-सहा मिनिटांत ठरते. मुलगा मागे पडला की गाव एका वाक्यात निकाल देते, ‘पोरगं मनानं कच्चं निघालं.’

हा निकाल क्रूर तर आहेच, शिवाय तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

1600 मीटर म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या. गर्दी, शिट्ट्या आणि आरोळ्या यांच्या भरात अननुभवी मुलगा पहिली फेरी आपल्या ताकदीपेक्षा जोरात मारतो. त्याची किंमत तिसऱ्या फेरीत चुकवावी लागते. पाय जड होतात, श्वास पुरत नाही आणि मन म्हणते, ‘थांब’. पाहणाऱ्यास दिसते ते मनाचे हरणे. वस्तुतः हरलेला असतो तो त्याचा हिशेब, आणि तो त्याला कोणी शिकविलेलाच नसतो. जे शिकविले नाही त्याचा दोष स्वभावाला देणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे.

आपल्याच मराठवाड्यातील अविनाश साबळे पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडव्याचा हा शेतकरी कुटुंबातील मुलगा बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन दोन्ही त्याने अंगावर घेतले. स्पर्धात्मक धावण्याकडे तो वळला 2015 च्या सुमारास, म्हणजे वयाची विशी उलटल्यावर. मध्यंतरी वजन बरेच वाढले होते. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या देखरेखीखाली ते त्याने उतरविले. 2018 मध्ये भुवनेश्वरला 3000 मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा 1981 सालचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. जन्मजात खंबीर वगैरे म्हणून त्याची गणना तोपर्यंत कोणी केली नव्हती.

परंतु मनाचा विचार करणाऱ्याने विक्रमांपेक्षा 2019 ची दोहा येथील जागतिक स्पर्धा पाहावी. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या अडखळण्यामुळे त्याची वाट दोनदा अडली, लय तुटली. तरीही तो थांबला नाही. त्याच धावेत त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला. भारतीय पथकाची तक्रार मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत स्थान मिळाले आणि तीन दिवसांनी त्याने तोही विक्रम मागे टाकीत 8 मिनिटे 21.37 सेकंद अशी वेळ दिली. क्रमांक होता तेरावा; वृत्तपत्रांत तेराव्या क्रमांकाला फारशी जागा मिळत नाही. तीन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत असे, तिथे साबळे सुवर्णापासून एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने दूर राहिला. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले. आणि 2025 च्या जुलैत मोनॅकोला गुडघा दुखावून शस्त्रक्रियेची वेळ आली. कणखरपणा एकदा मिळवला की आयुष्यभर पुरतो, असे नाही.

मग हे बळ येते कोठून? पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदरपूर्वक हवा. आवेशाचा त्यात उल्लेख नाही. जांबचे नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजे आपले समर्थ, बलोपासनेचा उपदेश करू लागले ते टाकळीला बारा वर्षे नदीच्या पाण्यातले पुरश्चरण आणि रोजचे सूर्यनमस्कार झाल्यावर, असे परंपरा सांगते. शाखेत रोज एकच तास जायचे, पण ठरल्या वेळी आणि पाऊस असो वा परीक्षा, जायचे; त्यामागील दृष्टीही हीच. नारळी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा करणारी साठीची बाई ओल्या डोंगरवाटेवर मैलोन्‌मैल चालते, तिला कोणी मनोबलाचे व्याख्यान दिलेले नसते. पुढच्या वळणापर्यंत जायचे, एवढेच तिला ठाऊक असते. लांब पल्ल्याचे धावपटूही अंतराचे असेच तुकडे पाडतात.

आधुनिक संशोधनाचा एक धागा येथे उपयोगी आहे. वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना नव्वद मिनिटे डोके शिणविणारे काम देऊन नंतर सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा ते सुमारे पंधरा टक्के लवकर थांबले. हृदय आणि स्नायू यांत त्याचे कारण सापडले नाही. तेवढेच श्रम त्यांना अधिक जड वाटत होते. रात्री एकपर्यंत मोबाईलवर डोळे लावून पहाटे पाचला धावणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी यावर विचार करावा.

आपण मात्र काय करतो? भरतीच्या आधी एक प्रेरणादायी व्याख्यान ठेवतो. बाजीप्रभूंचे नाव घेतो, टाळ्या होतात, मुले भारावून घरी जातात. बाजीप्रभूंबरोबरचे मावळे पन्हाळ्यापासून घोडखिंडीपर्यंत भर पावसाळी रात्री धावले, ते आयुष्यभर सह्याद्री चढउतार केलेल्या पायांनी. कोणाच्या भाषणाने नव्हे. व्याख्यानाचा जोश पहिल्या फेरीत संपतो, किंबहुना पहिली फेरी बिघडवतो. आणि जोश संपला की उरते इंजेक्शन. झटपट दम वाढविण्याच्या नावाखाली उत्तेजके विकणारे लोक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचतात, कारण मुलाला दुसरा मार्ग कोणी दाखविलेला नसतो. औषधाचा धोका शरीराला आहेच. पण ते घेऊन धावणाऱ्या मुलाच्या मनात आपण स्वतःच्या बळावर पोहोचू शकत नाही, ही खूणगाठ कायमची बसते.

याला फार पैसा लागत नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेली चारशे मीटरची फेरी, एक घड्याळ आणि प्रत्येक मुलाच्या फेरीची वेळ लिहिण्याची वही. पहिली फेरी शेवटच्या फेरीपेक्षा जलद झाली तर त्याच दिवशी त्याला दाखवून देणारा माणूस. आठवड्यातून एकदा मुद्दाम थकल्यावर धावण्याचा सराव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. मुलींसाठी उजेड आणि कपडे बदलायला खोली. भोकरसारख्या तालुक्यांतून सैन्यात सेवा करून परतलेले माजी सैनिक गावोगावी आहेत. त्यांना सत्कारापुरते व्यासपीठावर बोलावण्याऐवजी पहाटे साडेपाचला मैदानावर बोलवावे. वाढदिवसाच्या फलकांवर मंडळे जो खर्च करतात त्यातून वर्षाचा चुना आणि दिवे सहज निघतील. भरतीची जाहिरात येईपर्यंत थांबल्यास पतंजलींची पहिलीच अट मोडते. पावसाळा सरून मैदान वाळले की आखणी सुरू करता येईल.