अंगण खरंच वाकडं आहे का?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण कॉम्प्युटर लॅबमध्ये जितकी फिट बसते तितकी दुसरीकडे कुठेच बसत नसेल. प्रोग्रॅम चालला नाही की कोणी कंपायलरला शिव्या देतं, कोणी कीबोर्डला, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे मिळून एडिटरला! मग कॉलेज रोडच्या कट्ट्यावर चहा थंड होईपर्यंत वाद रंगतो. बेस्ट एडिटर कुठला? व्हीएस कोड, व्हिम की आपला निळ्या स्क्रीनचा टर्बो सी?

माझं मत विचाराल तर हा वाद अर्धा फालतू आणि अर्धा फार महत्त्वाचा आहे.

फालतू भाग स्पीडचा. ब्राम मुलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेला व्हिम भन्नाट आहे, यात शंकाच नाही. माऊसला हात न लावता सगळं काम होतं, दोनदा 'डी' दाबला की अख्खी ओळ गायब. पण मित्रांनो, आपली असाइनमेंट असते किती ओळींची? साठ-सत्तर. त्या टाइप करायला पंधरा मिनिटं लागतात आणि पॉइंटर कुठे भरकटला ते शोधायला दोन तास. पंधरातली पाच मिनिटं वाचवून असा काय मोठा तीर मारणार? शिवाय सुरुवातीला ती पाच मिनिटं व्हिममधून बाहेर कसं पडायचं हे शोधण्यातच जातात!

आता महत्त्वाचा भाग. कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं.

टर्बो सी १९८७ चा. त्या काळी एडिटर, कंपायलर सगळं एकाच खिडकीत मिळणं म्हणजे चैन होती. पुढे त्यात डीबगरही आला. एफ-सेव्हन दाबत एकेक ओळ चालवून बघणं आजही शिकण्यासारखं आहे. पण सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये, टर्बोच्या नंतर. त्यामुळे घरी लिहिलेलं 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' टर्बोला कळत नाही, आणि टर्बोतलं 'व्हॉइड मेन' आजचा कंपायलर नाकारतो. त्यात टर्बोचा इंट फक्त १६ बिटांचा, ३२७६७ च्या पुढे उडी नाही. आठचा फॅक्टोरियल ४०३२० यायला हवा, तिथे येतो उणे २५२१६! फर्स्ट इयरची पोरं लॉजिक बरोबर असूनही डोकं धरून बसतात. ६४ बिट विंडोजवर तर हा टर्बो थेट चालतही नाही, डॉसबॉक्सचा टेकू द्यावा लागतो. ज्या लॅबमध्ये अजूनही हेच चालू आहे तिथे मुलांना दोष देऊ नये.

गंमत बघा, बोरलँडचा टर्बो पास्कल (१९८३) हा टर्बो सीचा मोठा भाऊ. त्याचा कंपायलर लिहिणारे आंदर्स हायल्सबर्ग यांनीच पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये टाइपस्क्रिप्ट घडवली, आणि व्हीएस कोड मुख्यतः त्याच भाषेत लिहिलाय. म्हणजे टर्बो घराण्यातला माणूस कधीच पुढे गेला, आपणच निळ्या स्क्रीनसमोर बसून राहिलो!

मग व्हीएस कोड घेतला की झालं? तो चूक लगेच लाल रेघेने दाखवतो, हा मोठा फायदा. पण आता एडिटरमध्ये एआयसुद्धा आलंय. दोन अक्षरं टाइप करा, अख्खं फंक्शन हजर. प्रॉडक्टिव्हिटी वाढली ना? २०२५ मध्ये एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपर्सना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के फास्ट झालो! एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही, मान्य. पण फास्ट वाटणं आणि फास्ट असणं यात फरक आहे, एवढं तर पक्कं. एक्स्टर्नल जेव्हा 'ही ओळ का लिहिली?' असं विचारतात तेव्हा तो फरक चांगलाच कळतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. लॅबमध्ये आजचा कंपायलर आणि त्यासोबत कुठलाही साधा एडिटर द्या. जुन्या मशीनवर व्हीएस कोड जड जात असेल तर जीनी किंवा नोटपॅड प्लस प्लस चालेल, दोन्ही फुकट आहेत. आणि आपण? एकच एडिटर निवडा, त्याचा डीबगर नीट शिका आणि पहिली दोन वर्षं तरी एआय बंद ठेवा. टर्म-दर-टर्म एडिटर बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

अंगण सरळ करून द्यायची जबाबदारी कॉलेजची. नाच मात्र आपला आपल्यालाच शिकावा लागेल.